क्लाउड नेटवर्कमध्ये पॅकेट नेमकं कुठे अडतं: पत्ता, मार्ग आणि परवानगी

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करतो. तुम्ही एडब्ल्यूएसवर (अमेझॉनचं क्लाउड) १०.०.०.०/१६ या रेंजची व्हीपीसी, म्हणजे तुमचं खासगी नेटवर्क, बनवली (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका लहान, तितके पत्ते जास्त), तिच्यात एक पब्लिक आणि एक प्रायव्हेट सबनेट (त्या रेंजचा तुकडा) ठेवलं. पहिली तक्रार: पब्लिक सबनेटमधला वेब सर्व्हर बाहेरून उघडत नाही, टाइमआउट होतो. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरवरचे परवानगीचे नियम) ४४३, म्हणजे एचटीटीपीएसचं पोर्ट, उघडं आहे आणि स्वतः बनवलेल्या नेटवर्क एसीएलमध्येही (सबनेटवरचे नियम) ४४३ आत आणि बाहेर, दोन्हीकडे उघडलं आहे. दुसरी: प्रायव्हेट सबनेटमध्ये नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर नेणारा) ठेवूनही तिथल्या सर्व्हरवर अपडेट उतरत नाहीत. तिसरी: डेटाबेस दुसऱ्या टीमच्या व्हीपीसीत आहे, तिची रेंजही १०.०.०.०/१६ आहे, आणि पीअरिंगची (दोन व्हीपीसी थेट जोडण्याची) विनंती लगेच फेल होते. सहकारी म्हणतो की सगळीकडे ०.०.०.०/०, म्हणजे कुठलाही पत्ता, टाकून बघ. तुम्ही विचारलं आहे की इतकी वर्षं स्विच आणि व्हीएलॅन (स्विचवर एकमेकांपासून वेगळी केलेली नेटवर्कं) सांभाळून इथेच का अडायला होतंय, आणि पाया कुठून पक्का करायचा.

तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पण मला वाटतं त्यांच्या मुळाशी एकच सवय आहे. सर्व्हर रूममध्ये जोडणी आधी असते आणि नियम नंतर येतात. दोन मशीन एका स्विचला लावली की ती बोलायला लागतात. अडवायचं असेल तर तुम्हाला काही करावं लागतं. क्लाउडमध्ये नेटवर्क म्हणजे नुसत्या नोंदी आहेत. जे कुठल्याही टेबलात लिहिलेलं नाही ते घडत नाही. एकदा हे डोक्यात बसलं की कन्सोलवरचे डझनभर पर्याय आपोआप तीन-चार कप्प्यांत पडतात.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं नुसतं पाठांतर होईल. तुमचं व्हर्च्युअल मशीन ज्या भौतिक होस्टवर चालतं, त्याच होस्टवर दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचं मशीन अगदी तुमचाच १०.०.०.२५ हा पत्ता घेऊन चालू असू शकतं. गोंधळ होत नाही, कारण तुमच्या मशीनमधून निघालेलं प्रत्येक पॅकेट होस्टची नेटवर्क यंत्रणा ताब्यात घेते, ते कुठल्या व्हीपीसीचं आहे हे ओळखते, समोरचा पत्ता सध्या कुठल्या भौतिक होस्टवर आहे हे प्लॅटफॉर्मच्या नोंदीत पाहते, आणि मूळ पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून तिकडे पाठवते. पलीकडे ते उलगडून तुमच्या दुसऱ्या मशीनला दिलं जातं. मायक्रोसॉफ्टचं अझूर असो की गूगल क्लाउड, मूळ कल्पना हीच.

यातून काही गोष्टी निघतात, ज्या स्विचवर काम केलेल्या माणसाला हमखास चकवतात. इथे नेहमीच्या अर्थाने ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम हाक, नाही. मशीनने एआरपी (हा आयपी कोणत्या मशीनचा, हा प्रश्न) विचारलं तर उत्तर प्लॅटफॉर्म देतो, शेजारचं मशीन नाही. त्यामुळे दोन सर्व्हरमध्ये फिरता आयपी ठेवायची आपली जुनी पद्धत, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरने ‘हा पत्ता आता माझा’ असं एआरपीतून जाहीर करणं, इथे लागू पडत नाही. तो पत्ता एपीआयमधून, म्हणजे प्लॅटफॉर्मला आज्ञा देऊन, हलवावा लागतो, किंवा पुढे लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटणारा) ठेवावा लागतो. तसंच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरून हाताने आयपी बदलू नका. प्लॅटफॉर्मच्या नोंदीत तो बदललेला नसतो, आणि मशीन हाताबाहेर जातं. आणखी एक: अझूरमध्ये सबनेटचा डीफॉल्ट गेटवे पिंगला उत्तर देत नाही. तिथून तपासणी सुरू करणारा माणूस नेटवर्क बंद आहे असं समजून भलत्याच दिशेने जातो.

मी स्वतः कुठलीही तक्रार हातात घेतली की पॅकेटबद्दल तीनच गोष्टी विचारतो. दोन्ही टोकांना एकमेकांशी न भिडणारा पत्ता आहे का? जायचा आणि परत यायचा मार्ग लिहिलेला आहे का? आणि दोन्ही दिशांना परवानगी आहे का? क्रम हाच ठेवतो, कारण पत्ताच चुकला असेल तर पुढचं सगळं दुरुस्त करून उपयोग नसतो. तुमच्या तिन्ही तक्रारी नेमक्या या तीन प्रश्नांत वाटल्या गेल्या आहेत.

पत्त्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. क्लाउड नेटवर्कमधली बहुतेक चूक दुपारपर्यंत दुरुस्त होते, पत्त्यांची मात्र होत नाही. तुमच्या दोन्ही व्हीपीसींची रेंज एकच असल्यामुळे पीअरिंग होऊच शकत नाही. तुमच्या वेब सर्व्हरने १०.०.३.४० कडे पॅकेट पाठवलं तर ते स्वतःच्या व्हीपीसीतलं की पलीकडचं, हे ठरवायला कसलाच आधार उरत नाही. एडब्ल्यूएसमध्ये व्हीपीसीची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही. जोडीला दुसरी रेंज देता येते, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण दोन्हीकडचा एक जरी ब्लॉक एकमेकांवर आला तरी पीअरिंग नाकारलं जातं.

आता काय करायचं हे परिस्थितीवर आहे. तुमची व्हीपीसी अजून चाचणीच्या टप्प्यात असेल तर ती पाडून नव्या रेंजवर उभी करा; आज जे थोडं काम आहे ते सहा महिन्यांनी मोठं होईल. दोन्हीकडे खरा वापर सुरू झाला असेल आणि तुम्हाला पलीकडची एकच सेवा हवी असेल, तर प्रायव्हेटलिंकचा विचार करा. त्यात पलीकडची सेवा तुमच्याच व्हीपीसीतल्या एका पत्त्यावर दिसते, त्यामुळे रेंज सारख्या असल्या तरी चालतं. मात्र समोरच्या टीमला त्यांच्या बाजूने ती सेवा खुली करून द्यावी लागते, बहुतेकदा लोड बॅलन्सरमागे ठेवून, आणि डेटाबेसचा पत्ता फेलओव्हरमध्ये (एक सर्व्हर पडून दुसरा पुढे येतो तेव्हा) बदलत असेल तर तेही सांभाळावं लागतं. दोन नेटवर्कमध्ये सरसकट ये-जा हवी असेल तर रेंज वेगळ्या करण्याला पर्याय नाही असं धरून चाला. पत्ते बदलून नेणारा नॅट मध्ये घालून भागवता येतं, पण पुढे प्रत्येक तपासणीत खरा पत्ता कुठला याचा शोध घेत बसावं लागतं.

रेंज कशी निवडावी? खासगी वापरासाठीचे तीन गट १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात ठरले आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मी मोठ्या कामासाठी पहिलाच घेतो, पण १०.०.०.०/१६ टाळतो, कारण जवळपास प्रत्येक शिकवणीत तीच रेंज असते आणि म्हणून प्रत्येक टीम तीच उचलते. तुमच्या बाबतीत तेच झालं आहे. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या भागांवर घरचे राउटर असतात. घरून व्हीपीएनने येणाऱ्यांचे पत्ते तिथे भिडतात. १७२.१७.०.०/१६ डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) स्वतःच्या आतल्या नेटवर्कसाठी घेतो, आणि १७२.३१.०.०/१६ एडब्ल्यूएसच्या डीफॉल्ट व्हीपीसीत आधीच वापरलेली असते. मग उरलेल्यातून एक सलग तुकडा आखून घ्या. समजा १०.१६.०.०/१२ हा पूर्ण तुकडा एका रीजनसाठी, म्हणजे क्लाउडच्या एका भौगोलिक विभागासाठी. त्यात प्रॉडक्शनला १०.१६.०.०/१६, चाचणीला १०.१७.०.०/१६, आणि असंच १०.३१ पर्यंत. फायदा असा की ऑफिसच्या फायरवॉलवर किंवा व्हीपीएनवर या सगळ्यासाठी एकच ओळ पुरते. ऑफिसमधल्या रेंज याच तक्त्यात लिहा. आज जोडणी नसली तरी कधीतरी लागतेच.

सबनेट किती मोठं ठेवायचं, हे त्यात काय बसणार यावर ठरतं. /२४ मध्ये २५६ पत्ते, पण एडब्ल्यूएस आणि अझूर प्रत्येक सबनेटमधले पाच स्वतःकडे ठेवतात, म्हणजे हाती २५१. गूगल क्लाउड चार ठेवतो. एडब्ल्यूएसचं सगळ्यात लहान सबनेट /२८. त्यात १६ पैकी ११ उरतात. एडब्ल्यूएसचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर किमान /२७ सबनेट आणि त्यात आठ मोकळे पत्ते मागतो. अझूर फायरवॉलला /२६ लागतं. आणि एडब्ल्यूएसच्या व्यवस्थापित कुबरनेटीसमध्ये (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पॉड, म्हणजे कंटेनरचा लहान गट, सबनेटमधला एक पत्ता खातो, तेव्हा तिथे /२४ बघता बघता संपतं. काटकसर करू नका. खासगी पत्त्यांना भाडं नसतं.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तुम्ही पुढे दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरही जाल. एडब्ल्यूएसमध्ये व्हीपीसी एका रीजनपुरती आणि सबनेट एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधला डेटा सेंटरांचा स्वतंत्र गट). अझूरमध्ये व्हीनेट (व्हीपीसीचं तिथलं रूप) एका रीजनपुरतं, पण सबनेट त्या रीजनच्या सगळ्या झोनवर पसरलेलं. गूगल क्लाउडमध्ये व्हीपीसी जगभर पसरलेली आणि सबनेट रीजनपुरतं. शब्द तेच, व्याप्ती वेगळी. एका ठिकाणचा आराखडा दुसरीकडे जशाचा तसा उतरवला की तो खटकायला लागतो तो बहुतेक यामुळेच.

आता मार्ग. ‘पब्लिक सबनेट’ असा कुठलाही स्वतंत्र प्रकार एडब्ल्यूएसमध्ये नाही. ज्या सबनेटच्या राउट टेबलमध्ये (कुठला पत्ता कुठल्या वाटेने, याचा तक्ता) ०.०.०.०/० इंटरनेट गेटवेकडे, म्हणजे व्हीपीसीच्या इंटरनेटकडच्या दाराकडे, जातं, त्याला आपण पब्लिक म्हणतो, इतकंच. नाव काहीही द्या. टेबलात ओळ नसेल तर ते पब्लिक नाही. शिवाय त्यातल्या सर्व्हरला पब्लिक आयपीही लागतो. तो आयपी सर्व्हरमध्ये शिरून शोधलात तर सापडणार नाही. इंटरफेसवर खासगी पत्ताच असतो आणि अदलाबदल इंटरनेट गेटवे करतो. टेबल वाचताना नियम एकच: जास्त नेमकी ओळ जिंकते. १०.१६.०.०/१६ ची स्थानिक ओळ ०.०.०.०/० च्या आधी लागू होते, म्हणून आतली वाहतूक आतच राहते.

तुमची अपडेटची तक्रार इथे आहे. नॅट गेटवेला स्वतःलाही इंटरनेटपर्यंत जायचं असतं, आणि तो ज्या सबनेटमध्ये ठेवला आहे त्याच्याच राउट टेबलने जातो. तुम्ही तो प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवला आहे. त्या टेबलात ०.०.०.०/० नॅट गेटवेकडेच बोट दाखवतंय, म्हणजे पॅकेट बाहेर पडायला वाटच नाही. नॅट गेटवे पब्लिक सबनेटमध्ये बनवा आणि प्रायव्हेट सबनेटच्या टेबलातली ०.०.०.०/० ची ओळ त्याच्याकडे वळवा. प्रॉडक्शनमध्ये मी प्रत्येक झोनला वेगळा नॅट गेटवे ठेवतो, म्हणजे एक झोन पडला तर बाकीच्यांचं बाहेर जाणं थांबत नाही. चाचणीच्या नेटवर्कला एक पुरे, कारण तासाचंही बिल लागतं आणि जाणाऱ्या प्रत्येक जीबीचंही. एस३ कडे (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) जाणारी वाहतूक मोठी असेल तर गेटवे एंडपॉइंट, म्हणजे तिकडची थेट वाट, जोडा. त्याला वेगळं शुल्क नाही आणि ती वाहतूक नॅटमधून जातच नाही. अमेझॉन लिनक्सच्या पॅकेजांचा साठा एस३ वरच असतो, त्यामुळे तुमचे सर्व्हर त्यावर चालत असतील तर अपडेटसाठी कधीकधी नॅटचीही गरज उरत नाही.

मार्गाबद्दल व्हीएलॅनवाल्यांसाठी एक इशारा. दोन सबनेट केली म्हणून ती एकमेकांपासून वेगळी होत नाहीत. व्हीपीसीतल्या सगळ्या सबनेटांमध्ये स्थानिक मार्ग पहिल्या दिवसापासून असतो. अझूरमध्ये तर एनएसजीचा (नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप, तिथले परवानगीचे नियम) डीफॉल्ट नियमच व्हीनेटच्या आतल्या येण्याला परवानगी देतो, आणि त्यात पीअर केलेली नेटवर्कं आणि व्हीपीएनने जोडलेलं ऑफिसही धरलं जातं. वेगळं ठेवण्याचं काम परवानगीच्या नियमांनी करायचं असतं.

म्हणजे तिसरा प्रश्न, आणि तुमचा वेब सर्व्हर. एडब्ल्यूएसमध्ये दोन पहारे आहेत आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. सिक्युरिटी ग्रुप मशीनच्या इंटरफेसवर बसतो आणि लक्षात ठेवतो: आत येणाऱ्या कनेक्शनला परवानगी दिली की त्याचं उत्तर आपोआप बाहेर जातं. त्यात नकाराचे नियम लिहिताच येत नाहीत. नेटवर्क एसीएल सबनेटच्या वेशीवर बसते आणि काहीच लक्षात ठेवत नाही. येणारं आणि जाणारं, प्रत्येक पॅकेट तिच्यासाठी नवीन. तुम्ही नवी एसीएल बनवलीत; अशा एसीएलमध्ये नियम लिहीपर्यंत सगळं बंद असतं. मग तुम्ही बाहेर जाण्यासाठी ४४३ उघडलं. पण उत्तराचं पॅकेट कुठे जातं ते पाहा. ब्राउझरने स्वतःच्या बाजूला ५१५१४ सारखं एखादं तात्पुरतं पोर्ट घेऊन तुमच्या ४४३ ला विचारलं. उत्तर ४४३ वरून निघतं आणि ५१५१४ कडे जातं. तुमच्या बाहेर जाण्याच्या नियमात ५१५१४ नाही. विनंती सर्व्हरपर्यंत पोचते, सर्व्हर उत्तर देतो, आणि ते वेशीवर टाकून दिलं जातं. बाहेरच्या माणसाला टाइमआउट दिसतो.

उपाय: बाहेर जाण्यासाठी टीसीपी १०२४ ते ६५५३५ उघडा. लिनक्स ही तात्पुरती पोर्टं साधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ मधून घेतो, विंडोज ४९१५२ पासून पुढे, आणि नॅट गेटवे १०२४ पासून. म्हणून रुंद पट्टा. नॅट गेटवे याच सबनेटमध्ये येणार असल्याने आत येण्यासाठीही तोच पट्टा लागेल, नाहीतर अपडेटची उत्तरं अडतील. माझा स्वतःचा कल मात्र असा आहे की एसीएल डीफॉल्ट ठेवावी, तिथे सगळं उघडं असतं, आणि सगळा बंदोबस्त सिक्युरिटी ग्रुपमध्ये करावा. एखादा ठरावीक पत्ता स्पष्टपणे नाकारायचा असेल तेव्हाच एसीएल हातात घ्यावी.

सिक्युरिटी ग्रुप लिहिताना पत्त्यांऐवजी दुसरा ग्रुपच स्रोत म्हणून द्या: डेटाबेसच्या ग्रुपमध्ये ‘ॲप सर्व्हरच्या ग्रुपकडून ५४३२’ (डेटाबेसचं पोर्ट). सर्व्हर वाढले, बदलले, पत्ते बदलले तरी नियम तसाच खरा राहतो, आणि वर्षभराने वाचणाऱ्याला हेतूही कळतो. अझूरमध्ये हे ॲप्लिकेशन सिक्युरिटी ग्रुपने होतं. तिथे एनएसजी लक्षात ठेवणारा आहे, त्यामुळे उत्तराच्या पोर्टांचा घोळ होत नाही. पण सबनेटवर एक आणि नेटवर्क कार्डवर एक असे दोन लावले असतील तर दोघांचीही परवानगी लागते.

रेंज वेगळ्या झाल्यावर पीअरिंग होईल, तेव्हा दोन गोष्टी आठवा. एडब्ल्यूएसमध्ये पीअरिंग मंजूर झालं तरी मार्ग आपोआप येत नाहीत. दोन्हीकडच्या राउट टेबलांत ओळी तुम्हालाच लिहाव्या लागतात. एका बाजूने लिहून थांबलात तर पॅकेट जातं आणि उत्तर हरवतं. अझूरमध्ये मार्ग आपोआप येतात, मात्र पीअरिंग दोन्ही बाजूंनी बनवावं लागतं. दुसरं, पीअरिंग पुढे सरकत नाही. अ आणि ब जोडले, ब आणि क जोडले, म्हणून अ ला क दिसत नाही. दहा नेटवर्कं सगळ्यांना सगळी जोडायची तर ४५ पीअरिंग लागतील. तीन-चार नेटवर्कांपर्यंत मी थेट पीअरिंगच ठेवतो. त्यापुढे ट्रान्झिट गेटवे (सगळी नेटवर्कं जोडणारा एडब्ल्यूएसचा मधला राउटर), किंवा अझूरमध्ये मधलं हब आणि त्याला जोडलेली नेटवर्कं.

नावांचं थोडक्यात. व्हीपीसीचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) रेंजच्या पहिल्या पत्त्यात दोन मिळवून येणाऱ्या पत्त्यावर असतो, उदाहरणार्थ १०.१६.०.२. कुठल्याही सेवेचा प्रायव्हेट एंडपॉइंट (तुमच्या नेटवर्कमधला तिचा खासगी पत्ता) बनवूनही जोडणी बाहेरून जात असेल तर आधी ते नाव कुठला पत्ता देतंय ते पाहा. अझूरमध्ये प्रायव्हेट डीएनएस झोन व्हीनेटला जोडायचा राहिला की नाव पब्लिक पत्ताच देत राहतं.

तपासताना पहिला धागा टाइमआउट की नकार हाच असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोचलं आहे आणि तिथे कोणी ऐकत नाही. प्रोग्राम नुसत्या १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, बसलाय का पाहा. टाइमआउट म्हणजे वाटेत किंवा परतीच्या वाटेत कोणीतरी पॅकेट मुकाट टाकून दिलं. मग फ्लो लॉग, म्हणजे कुठली वाहतूक सोडली आणि कुठली अडवली याची नोंद, सुरू करा. आत येणारी नोंद ॲक्सेप्ट आणि त्याच जोडणीची बाहेर जाणारी नोंद रिजेक्ट दिसली तर एसीएलच जबाबदार, कारण सिक्युरिटी ग्रुप उत्तर कधी अडवत नाही. तुमच्या वेब सर्व्हरच्या बाबतीत मला हीच जोडी अपेक्षित आहे. एडब्ल्यूएसचा रीचॅबिलिटी ॲनालायझर प्रत्यक्ष पॅकेट न पाठवता नियम वाचून कुठे अडेल ते सांगतो; अझूरमध्ये नेटवर्क वॉचर आणि ‘इफेक्टिव्ह राउट्स’ हेच काम करतात. जोडणी जुळते, छोटी उत्तरं येतात, पण मोठं पान अर्धवट लटकतं, असं कधी दिसलं तर पॅकेटच्या आकाराकडे वळा: व्हीपीसीच्या आत ९००१ बाइटपर्यंत चालतं, इंटरनेट गेटवेमधून १५०० पर्यंत, व्हीपीएनमधून त्याहूनही कमी.

राहिला सहकाऱ्याचा सल्ला. आता दिसतंच आहे की तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन परवानगीच्या नाहीतच, त्यामुळे ०.०.०.०/० उघडून त्या सुटणार नाहीत. उरलेली, म्हणजे वेब सर्व्हरची, एसीएलमध्ये ते टाकून सुटेल, पण सिक्युरिटी ग्रुपमध्ये एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची सोय) किंवा डेटाबेसचं पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. आपोआप चाचपणी करणारे प्रोग्राम अशी पोर्टं फार लवकर शोधतात. सर्व्हरमध्ये शिरायला एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर वापरा, त्याला आत येणारं एकही पोर्ट लागत नाही.

आज एसीएल आणि नॅट गेटवे दुरुस्त करा, दोन्ही काही मिनिटांची कामं आहेत. पण त्याआधी दुसऱ्या टीमला एक निरोप पाठवा आणि त्यांचा डेटाबेस प्रॉडक्शनमध्ये कधी जातोय ते विचारा. रेंज कोणी बदलायची हे त्या तारखेवर ठरेल. त्यांचं उत्तर आणि दोन्हीकडची राउट टेबलं इथे टाकलीत तर प्रायव्हेटलिंक घ्यायचा की व्हीपीसी नव्याने उभी करायची, हे तुमच्या मांडणीकडे पाहून सांगतो.